भिंत माझी, भोक तुमचं

घरमालकाच्या नावावर आता एक खोलीसुद्धा उरली नव्हती, तरी लोक त्याला घरमालकच म्हणत. मालमत्ता विकता येते, टोपणनाव विकता येत नाही. गिऱ्हाईकच मिळत नाही. एके काळी त्याची तीन मजली इमारत होती, खोलीगणिक भाडेकरू होते आणि सगळ्यांना मिळून एकच कायदा होता: भिंतीला भोक पाडायचं नाही. खिळा नाही, खुंटी नाही, पडद्याचा रॉड नाही. कॅलेंडर हवं तर टेबलावर उभं करा, आरसा हवा तर खिडकीत ठेवा.

मधूनमधून तो 'सहज' म्हणून येई. चहा घेई, मुलांच्या परीक्षांची चौकशी करी, आणि वैद्याने नाडी पाहावी तसा बोलता बोलता भिंतीवरून तळहात फिरवी. कपाटामागे डोकावे. खिळा सापडला की त्याचा चेहरा खुले. खिशातून पक्कड निघे, खिळा बाहेर येई आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, "भिंत माझी, भोक तुमचं. जाताना भोक घेऊन जा." भोक नेता येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून भाडेकरूने अख्खी भिंत रंगवून द्यायची. उपटलेले खिळे तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. कोणाला तिकिटं जमवायचा नाद असतो, कोणाला नाणी. ह्याला दुसऱ्यांचे खिळे.

तळमजल्यावर एक शिंपीणबाई राहत. नवरा गेला तेव्हा त्याच्या फोटोसाठी त्यांनी चांगला जाडजूड खिळा ठोकला. घरमालक सांत्वनाला आला, दोन शब्द बरे बोलला आणि त्याच दमात फोटो उतरवून बाईंच्या हातात दिला. खिळा निघेना. मग भिंतीला पाय लावून त्याने तो उपटला. बाई फोटो छातीशी धरून बघत राहिल्या. "तुमची भिंत तुम्हाला लखलाभ होवो," एवढंच म्हणाल्या. घरमालकाने तो आशीर्वाद समजून घेतला.

बायकोलाही सूट नव्हती. तिचा आरसा जन्मभर खिडकीत टेकून उभा राहिला. एकदा वाऱ्याने पडून त्याला उभा तडा गेला, तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं, आता दोन झाले." दोन्ही मुलगे खो खो हसले. ह्या घरातले विनोद आणि ह्या घरातले कायदे पोरं दुधाबरोबरच प्यायली होती.

मग बायको गेली, गुडघे गेले, जिने चढवेनात. घरमालकाने इमारत विकली, त्यातून दोन्ही मुलांना एकेक फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतःसाठी काय शिल्लक ठेवलं, तर मुलं. जन्मभर हिशेबात पक्का असलेला माणूस. शेवटची एकच बेरीज भावनेच्या भरात केली.

बापाला ठेवायचं कुठे, ह्यावर भावांचा पहिल्याच बैठकीत तोडगा निघाला: सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

"म्हणजे बाबांना हवापालटही होईल," धाकटा म्हणाला. तो विमा कंपनीत होता. आपली सोय दुसऱ्याला त्याचीच वाटेल अशी मांडायची त्याला सवय होती.

थोरल्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. मोबाइलचा स्टँड, टिशूचा डबा, बॅटरी, हवा भरायचा पंप, आग विझवायची लाल नळकांडी असं गाडीत जे जे खुळखुळतं ते ते जागच्या जागी बसवून देणं हा त्याचा धंदा. आणि बसवायचं ते स्क्रूने नाही, पट्टीने. दोन तुकड्यांची पट्टी: एक वस्तूच्या पाठीला चिकटवायचा, दुसरा गाडीला, मग वस्तू हवी तेव्हा लावा, हवी तेव्हा काढा. तिचे दोन प्रकार. एक, शाळेच्या बुटांना असते तसली, एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ लव. ओढली की चर्र करते. दुसरी दोन्ही बाजूंना सारखीच, बारक्या प्लास्टिकच्या छत्र्या दाटीवाटीने उगवलेली. दाबली की छत्रीत छत्री अडकून कट्ट वाजते आणि हलता हलत नाही. दुकानात पहिलीला चर्र म्हणत, दुसरीला कट्ट.

बाप थोरल्याकडे राहायला आला ते पहिले काही दिवस दुकानातल्या स्टुलावर बसून असे. एकदा एक टॅक्सीवाला आला. त्याला पायाशी ती लाल नळकांडी बसवून हवी होती.

"तीन गोष्टी सांगा," थोरला म्हणाला. "वजन किती? ऊन लागतं का? आणि परत काढायची आहे का?"

"म्हणजे?"

"वजन जास्त असेल तर चर्र नाही चालायची, रोज थोडी थोडी सरकते. काचेजवळ ऊन लागत असेल तर साधा गोंद पाघळतो, भारी गोंदाची पट्टी घ्यावी लागते. आणि तिसरं म्हणजे, काढायची आहे का?"

"आग लागली तर काढायलाच लागेल की!"

"मग कट्ट घ्या. आणि चिकटवल्यावर एक दिवस वजन देऊ नका. गोंदालाही झोप लागते."

"आणि एखादी वस्तू कधीच काढायची नसेल तर?" टॅक्सीवाल्याने आपलं सहज विचारलं.

"तर माझ्याकडे कशाला यायचं? स्क्रू मारायचा, खिळा ठोकायचा. कायमचं असेल त्याला भोक पाडावं लागतं, साहेब. मी तात्पुरत्याचा माणूस."

टॅक्सीवाला हसला. स्टुलावरचा म्हातारा हसला नाही. पण ते वाक्य त्याने उचललं आणि आत कुठेतरी ठेवून दिलं. डब्यात खिळा ठेवावा तसं.

त्या रविवारी थोरल्याने बापासाठी योजना आखली. धाकट्याला बोलावलं, दोघांनी मापं घेतली. बापाच्या वस्तू किती? बायकोचा फोटो, घड्याळ, चष्म्याची पेटी, गोळ्यांचा डबा, फोन आणि काठी अडकवायची चिमटी. प्रत्येकीच्या पाठीला कट्ट. दोन्ही घरांतल्या भिंतींवर त्याच उंचीवर, पलंगापासून त्याच अंतरावर कट्टचे जोडतुकडे. शिवाय थोरल्याच्या व्हॅनमध्येही एक संच, म्हणजे प्रवासात काही हरवायला नको.

"बाबा, डोळे मिटून हात पुढे केलात तरी चष्मा तिथेच," थोरला म्हणाला. "घर बदललंय हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

"मला कळायला नको म्हणून एवढा खटाटोप?" बाप म्हणाला.

"दादा, आधी भिंत स्पिरिटने पुसायची ना?" धाकट्याने घाईघाईने विचारलं.

सगळं बसलं. अडलं फक्त फोटोपाशी. जुनी लाकडी चौकट, तिच्या वरच्या काठाला टांगायची पितळी कडी, आणि कडीची पट्टी मागून फुगीर, त्यामुळे फोटो भिंतीला सपाट बसेना. थोरल्याने पक्कड घेतली. ती बापाचीच, इमारतीबरोबर विकायची राहून गेलेली. दोन झटक्यांत कडी निघाली.

"ती दे इकडे," बाप म्हणाला.

"काय?"

"कडी."

"तिचा आता काय उपयोग, बाबा?" थोरला म्हणाला, आणि पट्ट्यांच्या कागदी सालींबरोबर कडीही केरात गेली. मग त्याने फोटो भिंतीला लावून तळहाताने दाबला. कट्ट. बायको भिंतीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच.

शेजारपाजारच्यांना ही योजना फार आवडली. "आजच्या काळातला श्रावणबाळ हो!" असं कोणी म्हणालं, आणि ते खोटंही नव्हतं. श्रावणबाळाने आईबापांना कावडीत घातलं, ह्याने पट्टीवर घेतलं. फरक एवढाच, की कावड खांद्याला काचते.

सहा महिन्यांनी कट्ट कट्ट करत सगळं निघालं, व्हॅनमध्ये बसलं आणि धाकट्याच्या घरी जाऊन पुन्हा कट्ट कट्ट लागलं. पुढच्या सहा महिन्यांनी परत. एवढ्या सफाईने की धाकटी सून म्हणाली, "बाबांचं बरंय, निघताना रडारड नाही की पसारा नाही." ह्यातलं रडारड नाही हे तिच्या बाजूने खरं होतं.

तिसऱ्या फेरीला गडबड झाली. धाकट्याच्या घरी सामान पोचलं, घरमालक खोलीत गेला, आणि बायकोच्या जागी केस वाळवायचं यंत्र बसलेलं. त्याच्या पाठीलाही कट्ट. घड्याळाच्या जागी बॅडमिंटनची रॅकेट. चष्म्याच्या जागी टीव्हीचा रिमोट.

"अगं, काढायचं नाही का आधी!" धाकटा बायकोला म्हणाला.

"काढते ना, त्यात काय! सहा महिने जागा नुसती रिकामी कशाला ठेवायची?" असं म्हणून तिने यंत्र ओढलं. कट्ट. "बघा बाबा, झाली की नाही तुमची जागा तयार?"

जागा रिकामी कशाला ठेवायची! हे वाक्य घरमालकाने आयुष्यभरात किती जणांना ऐकवलं असेल. भाडेकरू गावाला गेला की त्याच्या खोलीत तो खुशाल दुसऱ्याच्या गोण्या ठेवून घेई. आता तो पलंगावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. दुसऱ्याला भाडेकरू करताना ज्याचा हात कधी कचरला नाही, त्याला आपण कोण झालो आहोत हे ओळखायला एवढा वेळ लागला, ह्याचंच नवल.

ते सहा महिने तो गप्प होता. सुनेला वाटलं, रुळले. थोरल्याकडे परतल्यावर मात्र पहिल्याच रात्री जेवताना त्याने तोंड उघडलं.

"मला एक खिळा मारून हवाय."

थोरला, त्याची बायको, दोघांचे घास थांबले. थोरली सून बँकेत होती. समोरचा काही मागायला लागला की ती आधी चेहऱ्यावरचे सगळे भाव काढून ठेवी.

"कशाला बाबा?" तिने विचारलं.

"हिच्या फोटोला."

"फोटो पक्का बसलाय की. पडला का कधी?"

"पडत नाही. निघतो." म्हातारा म्हणाला. "पट्टीवर कोणीही येऊन बसतं. आज फोटो, उद्या केसांचं यंत्र. खिळा ज्याचा त्याचा असतो. मला एक खिळा हवा. दोन्ही घरांत नको, एकाच घरात. कुठल्या ते तुम्ही ठरवा."

मागणं एका खिळ्याचं होतं, पण ताटावरच्या तिघांनाही ते नीट कळलं. खिळा मारायचा म्हणजे म्हातारा इथे राहणार. व्हॅन बंद, फेरी बंद, पाळी बंद.

"बाबा," थोरला हळूहळू हसू लागला, "आईने आरशासाठी मागितला होता तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं?"

"आठवतं."

"आम्हाला अभ्यासाचं वेळापत्रक लावायला टाचणीसुद्धा टोचू दिली नव्हतीत."

"तेही आठवतं. म्हणून तर मागतोय. कितीला पडतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत?"

"भिंतीला नवाच रंग दिलाय हो," सून म्हणाली. "आणि खरं सांगू? आमची भिंत झाली तरी नियम तुमचाच पाळतोय आम्ही."

"भिंत आमची, भोक तुमचं," थोरला म्हणाला, आणि नवराबायको दोघंही हसले. म्हाताराही हसला. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले म्हणून ओरडणार कोणाकडे?

धाकट्याला फोन गेला. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे खिळ्याला हरकत नाही, पण आमच्या सोसायटीत ठोकाठोकीला परवानगी लागते, आणि तू मोठा आहेस, मान तुझ्या भिंतीचा." दोघा भावांत एकमेकांना मोठेपणा देण्याची अशी चढाओढ लागली, की खिळा मधल्या मधे राहिला.

घरमालकाने आठवडाभर वाट पाहिली. मग एका सकाळी थोरला दुकानात, सून बँकेत गेल्यावर त्याने पलंगाखालून बिस्किटांचा डबा ओढला. तेवढी एकच वस्तू अशी होती की तिच्या पाठीला पट्टी लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. आत खिळेच खिळे: वाकडे, गंजके, बिनडोक्याचे. त्यातून त्याने एक निवडला. जाडजूड, सरळ, डोकं शाबूत. शिंपीणबाईंचा. ओळखला, कारण उपटताना पायाचा जोर लावायला लागलेला तो एकच होता.

जागा त्याने फोटोच्या बरोबर वरची धरली. कडी गेली आहे, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. की होतं, आणि आधी खिळा, मग कडीचं बघू, असा त्याचा विचार होता? ज्याला एकदा जागा हवी असते तो आत काय ठेवायचं ते नंतर ठरवतो. हे त्याने भाडेकरूंमध्ये पुष्कळ पाहिलं होतं. स्वयंपाकघरातून त्याने बत्ता आणला, पलंगावर गुडघे टेकले आणि ठोकायला लागला.

स्वतःच्या इमारतीतली भिंत असती तर कुठल्या विटेमागे काय आहे ते त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. तिथे नळ भिंतीबाहेरून जात, सगळ्यांना दिसत. इथे सगळं पोटात. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं आणि त्याचे प्लास्टिकचे नळ गिलाव्याच्या आत दडवलेले होते. खिळा आधी अडला, मग एकदम लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. "वा!" घरमालक म्हणाला. खिळ्याच्या कडेने एक थेंब आला. मग दुसरा.

इथे कोणीही शहाणा माणूस खिळ्याला हात न लावता मदतीला ओरडला असता. खिळा आत असता तर भिंत नुसती पाझरली असती. पण घरमालकाचा हात आयुष्यभर एकच काम शिकला होता. भिंतीत खिळा, आणि भिंतीला काहीतरी बिनसलंय असं दिसताच त्याने पक्कड घेतली आणि खिळा उपटला.

पाण्याची धार सरळ त्याच्या छातीवर आली.

त्याने भोकात अंगठा घातला. धार थांबली, पण आतल्या आत पाणी पसरायला लागलं. नवा रंग फोडासारखा फुगला. फोन हाताच्या अंतरावर भिंतीला होता. घेण्यासाठी दुसरा हात लांबवतो तोच भिंतीवरची ती जागा ओली होऊन तुकडा रंगासकट सुटला आणि फोन खाली पाण्यात गेला. मागोमाग गोळ्यांचा डबा. मग चष्मा. कट्टने कट्टला सोडलं नव्हतं, दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट धरून होते. सोडलं होतं भिंतीने. शेवटी फोटो घसरला आणि उताणा नाही, पालथा पडला.

ओरडून पाहिलं. शेजारी दार वाजवून गेले, पण दाराला ओढताच लागणारं कुलूप. अंगठा काढला की धार, म्हणून अंगठा काढता येईना. सून बँकेतून येईपर्यंत घरमालक भिंतीला अंगठा लावून, ओल्या गादीवर गुडघ्यांवर उभा होता. अंगठा लावायची सवय असलेली माणसं वेगळी. हा आयुष्यभर लावून घेणाऱ्यांतला.

सुनेने किल्लीने दार उघडलं, खोलीत आली, बघितलं. किंचाळली नाही. "बोट काढू नका हं बाबा," एवढं म्हणाली आणि मुख्य नळ बंद करायला गेली. मग तिने नवऱ्याला फोन केला. खालच्या मजल्यावरच्या बाई छत दाखवायला आल्या होत्या, त्यांच्याशी बोलली. चादरी उचलल्या, लाकडी कपाट पुसलं, पाणी निपटलं. नळ केव्हाच बंद झाला होता. अंगठा काढा, हे सांगायचं तिच्या लक्षात आलं नाही; किंवा आलं. थोरला आला तेव्हा बाप तसाच होता.

"काढा आता," थोरला म्हणाला.

अंगठा पांढराफटक पडला होता आणि सुरकुतला होता. म्हातारा पलंगाच्या कडेवर बसला. थोरल्याने भोक पाहिलं, ओल कुठवर गेली आहे ते हाताने चाचपलं. तळहात असा फिरवत होता की बापाला क्षणभर आरशात बघितल्यासारखं झालं.

"आता अख्खी भिंत फोडायला लागणार. नळ बदलायचा, गिलावा, रंग. खालच्यांचं छत वेगळं." थोरला ओरडत नव्हता, हेच वाईट होतं. त्याने खाली पडलेला जाड खिळा उचलून बापाच्या हातात ठेवला. "बाबा, भिंत माझी..." आणि थांबला. "पुढचं तुम्हीच म्हणा. आम्ही खूप वेळा ऐकलंय."

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. ती फरशी पुसत होती.

"भोक माझं," तो म्हणाला.

"आणि?"

"जाताना घेऊन जातो."

धाकट्याला फोन झाला. त्याची पाळी सुरू व्हायला अजून जवळजवळ सहा महिने होते, आणि पाळी म्हणजे पाळी. "एकदा नियम मोडला की मग कशालाच धरबंध राहत नाही, दादा. बाबांनीच शिकवलंय." ओल्या खोलीत बापाला ठेवणं तब्येतीला वाईट, ह्यावर मात्र दोन्ही भावांचं आणि दोन्ही सुनांचं एकमत झालं. एवढं एकमत त्या घरात इमारत विकताना झालं होतं, त्यानंतर आत्ताच. गावाबाहेर वृद्धांसाठी एक जागा होती. तात्पुरतं. भिंत वाळेपर्यंत.

"किती दिवसांत वाळते?" म्हाताऱ्याने व्हॅनमध्ये विचारलं. त्याच्या वस्तू आजूबाजूला आपापल्या जागी बसल्या होत्या. वळणावर एकही हलत नव्हती. हलत होता तो एकटा.

"हवेवर आहे, बाबा," थोरला म्हणाला.

लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना लोखंडी पलंग, कधीकाळी चुना दिलेल्या भिंती. इथली देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. मावशींनी पलंग दाखवला. थोरल्याने धंद्याच्या सवयीने भिंतीवर बोट घासलं. बोटाला भुगा आला.

"नाही टिकायची," तो म्हणाला. "पट्टीला गुळगुळीत लागतं. ही भिंत भुगा सोडतेय. कट्ट काय नि चर्र काय, संध्याकाळपर्यंत खाली."

"पट्टी कशाला हवी?" मावशी म्हणाल्या. "तो बघा ना, खिळा आहे की!"

होता. प्रत्येक पलंगाच्या उशाशी एकेक खिळा, पक्का, कोणीतरी कधीतरी मारलेला. खिळ्याखाली भिंतीवर चौकोनी डाग. आजूबाजूची भिंत उदबत्त्यांच्या धुराने पिवळी पडलेली आणि तेवढा चौकोन पांढरा. कोणाकोणाचे फोटो तिथे किती किती काळ होते त्याची ती पावती.

घरमालक पलंगावर चढला. गुडघे कुरकुरले. खिळा त्याने दोन बोटांत धरून हलवून पाहिला. हलला नाही. अशा खिळ्यापुढे त्याची पक्कडसुद्धा हरली असती. "आण," तो म्हणाला, आणि आवाजात पूर्वीचा मालक होता. "फोटो आण तिचा."

थोरल्याने फोटो दिला. म्हाताऱ्याने तो खिळ्यावर टेकवला, वर केला, खाली केला, चौकटीचा वरचा काठ चाचपला. मग उलटा करून पाठ पाहिली. पाठीला कट्टचे चार तुकडे, ओलीत फुगलेल्या रंगाची खपली अजून त्यांना चिकटलेली. कडी होती तिथे दोन बारीक भोकं.

दोघांनाही तो रविवार आठवला.

"पुढच्या खेपेला कडी आणतो," थोरला शेवटी म्हणाला. "दुकानात पडल्या असतील." त्याने घड्याळ बघितलं, बापाच्या पायांना हात लावला आणि निघाला. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने पिशवीतून पत्र्याचा डबा काढून मांडीवर उपडा केला. जन्मभराची कमाई चादरीवर पसरली. डबाभर खिळे, आणि एक कडी नाही.

"कडी नाही होय?" मावशी म्हणाल्या. "त्यात काय एवढं! द्या इकडे." त्यांनी सुतळी आणली, पार्सल बांधतात तशी फोटोला उभी-आडवी आवळली, वर फासाची गाठ मारली आणि फोटो खिळ्यावर टांगला. सुतळीचा आडवा फेरा बरोबर बायकोच्या तोंडावरून गेला होता. डोळे मात्र मोकळे होते. ती खाली बघत होती.

"छान दिसतात," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा केव्हापासून कुशीवर वळून हे बघत होता. अंगात घडी न मोडलेला सदरा, पायांत मोजे. कोणीतरी येणार असल्यासारखा तयार.

"कायमचे का?" त्याने विचारलं.

"छे," घरमालक म्हणाला. "घरी भिंतीला ओल आलीय. ती वाळेपर्यंत."

शेजारी हसला. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत. डोळे पुसून त्याने आपल्या उशाशी टांगलेल्या फोटोकडे बोट केलं. त्याला कडी होती, साखळीही होती, आणि त्याभोवतीची भिंत केव्हाच पिवळी पडली होती.

"वाळेल, वाळेल," तो म्हणाला. "आमची अजून ओलीच आहे."